पडवळ जागचा हलला नाही

समुद्राला लागून असलेल्या एका वाडीत बाबल नावाचा गृहस्थ राहत असे. माणूस कष्टाळू, हाताचा चलाख, आणि कुणी चांगलं म्हटलं की चार लोकांत छाती फुगवून चालणारा. बायकोचं नाव द्वारका. दोघांना मूलबाळ नव्हतं, पण घर सुनं नव्हतं, कारण त्यांच्याकडे पडवळ होता.

पडवळ म्हणजे कुत्रा. दीपगृहावरचे साहेब बदली होऊन गेले, तेव्हा जाताना त्यांनी तो द्वारकेच्या ओटीत घातला. जात कुठल्यातरी परमुलखातली. अंग हे एवढं लांब आणि पाय मात्र बोटभर. चालू लागला की पोट वाळूला घासायचं. साहेब त्याला काहीतरी इंग्रजी नावाने हाक मारत, ते वाडीत कुणाच्या जिभेला वळलं नाही. लांबी बघून कुणीतरी पडवळ म्हटलं आणि तेच नाव चिकटलं.

अंगाने एवढासा, पण हट्ट बैलाचा. चल म्हटलं की बसायचा. बस म्हटलं की कुर्ल्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, बीळ उकरायला जायचा. ओरडलं तर असं काही तोंड वळवायचा, जणू आपण दुसऱ्याच कुत्र्याशी बोलतो आहोत. द्वारकेला त्याचं हसू यायचं. रात्री तो तिच्या पायाशी निजायचा, आणि ती कूस बदलायची झाली तरी त्याला धक्का लागू नये म्हणून जपून बदलायची.

वाडीचं पोट रापणीवर चालायचं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. होडी जाळं सोडत समुद्रात अर्धगोल फिरून येते आणि मग सगळी वाडी दोन्ही टोकांचे दोर धरून ते ओढत राहते. ज्याचा हात दोराला, त्याला माशांचा वाटा. नियम एकच, जाळं वाळूवर येईपर्यंत दोर सोडायचा नाही. एका बाजूची ओढ ढिली पडली की जाळ्याचा तळ उचलला जातो आणि मासे खालून निसटतात.

हा नियम सगळ्या वाडीला ठाऊक होता, फक्त पडवळला नव्हता. एके दिवशी जाळं काठाशी आलं असताना स्वारी ओढणाऱ्यांच्या पायांतून थेट पाण्यात घुसली. एक पडला, त्याच्यावर दुसरा पडला, दोर सैल झाला आणि हातातोंडाशी आलेली मासळी निघून गेली. पडवळ मात्र तोंडात एक बांगडा धरून ऐटीत बाहेर आला.

रापणीचा मुख्य होता पांडू तांडेल. तो फार बोलणारा माणूस नव्हता. त्याने ओला दोर खांद्यावर टाकला आणि बाबलसमोर येऊन उभा राहिला.

"बाबल, हो कुत्रो परत रापणीत दिसलो तर मी तेका होडयेत घालून बेटार सोडून येतलंय. मगे माका बोल लावूचो नाय."

समोरच्या बेटावर पाखरांशिवाय कुणी नव्हतं, गोडं पाणीही नव्हतं. द्वारकेने पडवळला पदराखाली घेतलं. बाबलला मात्र कुत्र्याच्या जिवापेक्षा चारचौघांतला तो अपमान जास्त झोंबला. तो म्हणाला, "मी शिकवतंय तेका. माझ्या शब्दाभायर पाऊल टाकूचो नाय."

दुसऱ्या दिवसापासून अंगणात शाळा सुरू झाली. शिकवायचं एवढंच होतं, 'रव'. त्या भागात थांब म्हणायला 'रव' म्हणतात. बाबलने पडवळला तुळशीपाशी बसवलं, 'रव' म्हणून बजावलं आणि पाठ फिरवली. वळून बघतो तर तुळशीपाशी कुणी नाही आणि पडवळ चुलीपाशी. पुन्हा आणला, पुन्हा बसवला. या वेळी तो शेजाऱ्यांच्या कोंबड्यांमागे गेला. बाबल ओरडला, काठी आपटली, पडवळ तेवढ्यापुरता कान पाडायचा आणि मग आपल्या मनाचंच करायचा. संध्याकाळपर्यंत बाबलचा घसा बसला आणि पडवळचं काहीच बिघडलं नव्हतं.

शेवटी द्वारकाच पुढे झाली. तिने सुक्या सुंगटांची मूठ घेतली. सुंगटं म्हणजे कोळंबी, आणि पडवळचा जीव होता सुंगटांवर. 'रव' म्हणायची आणि क्षणभर थांबला तरी 'ये' म्हणून एक सुंगट द्यायची. हळूहळू ती क्षणाचं थोडं जास्त करत गेली. मग एक पाऊल मागे सरकून बोलवायची, मग दारातून, मग विहिरीपासून. पडवळने यातही आपला हट्ट दाखवला, पण सुंगटापुढे त्याचा हट्ट टिकला नाही. पुढेपुढे बाबलही तसंच करू लागला. 'रव' म्हटलं की पडवळ जमिनीला चिकटायचा, आणि 'ये' ऐकलं की ते बोटभर पाय असे काही पळायचे, की कान मागे आणि पोट वाळूवर घसरतंय. त्याला ठाऊक झालं होतं की 'ये' म्हणजे सुटका आणि 'ये' म्हणजे सुंगट.

मग बाबलने त्याला रापणीवर नेलं. जाळं काठाला आलं, मासे तडफडू लागले, आणि पडवळ दूर सुरूच्या झाडाखाली बसून राहिला. पांडू तांडेलने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा बाबलकडे, आणि मान हलवली. बेटाची गोष्ट तिथेच मिटली. खरं म्हणजे शिकवणंही तिथेच संपायला हवं होतं.

पण बाबलला कौतुकाची चटक लागली. संध्याकाळी लोक वाळूत बसायचे तेव्हा तो मुद्दाम पडवळला घेऊन यायचा, 'रव' म्हणून लांब जायचा, आणि 'ये' म्हणून बोलवायचा. लोक वाहवा करायचे. एकदा शेजारचा जयवंता तंबाखू मळत म्हणाला, "ये म्हटल्यार येता, तेच्यात मोठा काय? माझी कोंबडीव येता. ये म्हटल्यारव बसान ऱ्हवलो तर मानू."

लोक हसले, आणि बाबलच्या कानशिलांना चटका बसल्यासारखं झालं.

त्या दिवसापासून त्याने एक नवाच खेळ काढला. पडवळला 'रव' म्हणून बसवायचा, लांब जायचा आणि गोड आवाजात 'ये' म्हणायचा. बिचारा शेपटी हलवत धावत यायचा. आला की बाबल त्याच्या थोबाडावर चापट मारायचा, फरफटत परत जागेवर नेऊन बसवायचा आणि त्या रात्री उपाशी ठेवायचा. पडवळ गोंधळून गेला. काल जे केल्यावर सुंगट मिळालं, तेच आज केल्यावर मार कसा मिळाला, हे त्या मुक्या जिवाला कळणार तरी कसं? एकदा बाबलने द्वारकेलाच बोलवायला लावलं. ती नको नको म्हणत होती. तिच्या हाकेला पडवळ आला आणि बाबलच्या हातचा मार खाऊन गेला. त्यानंतर ती कधी त्या खेळात उभी राहिली नाही.

तिने नवऱ्याला एवढंच विचारलं, "तुमीच ये म्हणतास आणि आयलो की तुमीच मारतास. मगे तेणां करूचा तरी काय?"

"तुका कळूचा नाय," बाबल म्हणाला. "शिस्त अशीच लागता."

आणि शिस्त लागली. काही दिवसांनी बाबलने सगळ्या वाडीसमोर पडवळला वाळूत बसवलं आणि 'ये' म्हणून हाक मारली. पडवळ हलला नाही. दुसऱ्यांनी बोलावलं, सुंगटं दाखवली, जयवंताने तर अख्खा तळलेला बांगडा पुढे ठेवला. तोंडाला पाणी सुटलं होतं, अंग थरथरत होतं, पण पडवळ हलला नाही. मग बाबल सावकाश चालत गेला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हाच तो उठला. लोक थक्क झाले. असा कुत्रा कुणी पाहिला नव्हता. बाबल त्या रात्री दोन घास जास्त जेवला.

पुढे एक दिवस मोठी ओहोटी होती. समुद्र लांब मागे गेला होता आणि एरवी पाण्याखाली असणारे खडक उघडे पडले होते. बाबल कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेल्या शिंपल्या, काढायला निघाला, पडवळ मागोमाग. काठापासून बरंच आत एक चपटा खडक होता. तिथवर कोरड्या पायांनी जाता येत होतं. खडकांच्या फटीत कुत्र्याचा पाय अडकू नये म्हणून बाबलने त्याला त्या चपट्या खडकावर टोपलीशेजारी बसवलं, 'रव' म्हटलं आणि तो कालवं फोडू लागला.

इतक्यात किनाऱ्यावरून आरोळी आली. रापण लागली होती आणि जाळ्यात मासळीचा मोठा थवा सापडला होता. अशी आरोळी आली की वाडीत कुणी हातातलं काम संपवत बसत नाही. भाकरी तव्यावर टाकून बायका धावतात. बाबलने हातातला टोचा खाली टाकला आणि तो पळत सुटला. टोपली तिथेच राहिली आणि तिच्याशेजारी पडवळही.

बाबलने दोर धरला. जाळं इतकं जड होतं की पुढची माणसं वाळूत रुतत होती. पांडू तांडेल हाळी देत होता आणि सगळे त्या हाळीच्या तालावर मागे सरत होते. अशा वेळी माणसाला दुसरं काही सुचत नाही. किती वेळ गेला ते कुणाला कळलं नाही. घोट्याला गार पाणी लागलं तेव्हा बाबलने खाली पाहिलं. मघाशी तिथे कोरडी वाळू होती. भरती सुरू झाली होती.

त्याने मान वळवून पाहिलं. खडकांकडे जाण्याची वाट पाण्याखाली गेली होती. दूरवर चपट्या खडकाचा काळा माथा दिसत होता, आणि त्याच्यावर पडवळ बसला होता. टोपली केव्हाच वाहून गेली होती.

पहिल्यांदा बाबलने स्वतःची समजूत घातली. कुत्रा आहे, दगड नाही, पायाला पाणी लागलं की येईल आपोआप. पण लाट खडकावरून गेली, पडवळ नखशिखांत भिजला, आणि तरी तिथेच बसून राहिला. मग बाबलने दोर न सोडताच हाक मारली, "पडवळ, ये!"

पडवळने कान टवकारले. त्याने काठाकडे पाहिलं. हाक त्याला ऐकू आली होती, यात शंकाच नव्हती. आणि तो अंग चोरून खडकाला आणखी चिकटला.

बाबलला वाटलं आपण चुकीचं पाहिलं. त्याने पुन्हा हाक मारली, गळ्यात होता नव्हता तेवढा गोडवा आणून. हा तोच आवाज होता जो तो खेळात काढत असे. दोरावरचे लोक मान वळवून बघू लागले. कुणीतरी हसून म्हणालं, "वा बाबल! पाण्यातव उठना नाय!" दोघाचौघांनी शाबासकी दिली. त्यांना वाटलं, नेहमीचाच खेळ चालला आहे.

बाबल हसला नाही, त्याची नजर खडकावरून हलली नाही. त्याचा चेहरा पाहून शेजारचा माणूस हसायचा थांबला, मग त्याच्या पलीकडचा. दोरावरचं हसू असं एकेक करून विझलं. जयवंता म्हणाला, "बाबल, आता पुरे कर. बघितला आमी." पण पुरे करायचं कसं, हेच तर बाबलला माहीत नव्हतं.

मासे भरायला टोपली घेऊन द्वारका तेवढ्यात किनाऱ्यावर पोचली होती. तिने खडकाकडे पाहिलं आणि टोपली टाकून कमरेएवढ्या पाण्यात शिरली. तिने हाक मारली. पडवळने तिच्याकडे तोंड करून एक बारीक केविलवाणा आवाज काढला. पुढचे पाय उचलले, परत ठेवले. त्याला यायचं होतं हो, अगदी जिवापाड यायचं होतं. पण तिच्या हाकेला येऊन काय होतं, तेही त्याला शिकवलेलं होतं. द्वारका मागे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता.

"तुमी हात लावल्याशिवाय तो उठूचो नाय," ती म्हणाली.

बाबलने दोर सोडला. आयुष्यात पहिल्यांदा सोडला. जाळं एका अंगाला कललं, कुणीतरी ओरडलं, पण तो मागे न बघता पाण्यात घुसला. काठ आणि खडक यांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेत भरतीचं पाणी जोराने ओढत होतं. तो पोहणारा माणूस, पण दम आधीच रापणीने खाल्ला होता. दोनदा तो वाहवत बाजूला गेला. तिसऱ्यांदा त्याने कशीबशी खडकाची कड धरली.

पडवळच्या गळ्याशी पाणी आलं होतं. फक्त डोकं वर होतं. लाट आली की तेही जायचं आणि मग शिंकत, खोकत पुन्हा वर यायचं. पाय मात्र खडकावर रोवलेले. बाबल वर चढत धापा टाकत म्हणाला, "ये, पडवळ. ये माझ्या लेकरा."

ते ऐकून पडवळने मान खाली घातली आणि डोळे मिटून घेतले. चापट बसायच्या आधी तो रोज असेच डोळे मिटायचा.

समुद्र बाबलने आयुष्यभर पाहिला होता, वादळं पाहिली होती, पण एवढा हादरा त्याला कधी बसला नव्हता. आपण जीव वाचवायला आलो आहोत आणि हा मुका जीव आपल्या हाकेला बुडण्यापेक्षा जास्त भितो आहे, हे त्याने उघड्या डोळ्यांनी पाहिलं. त्याच्या ओठांवर आलेली पुढची हाक तिथेच मेली. त्याने हात पडवळच्या पाठीवर ठेवला. त्याच क्षणी पडवळ उठला आणि पुढच्या लाटेने त्याचे पाय खडकावरून सुटले. बाबलने झेप घालून त्याला पकडलं आणि छातीशी धरलं. आता पोहायला त्याच्याकडे एकच हात होता.

किनाऱ्यावर पांडू तांडेल हे सगळं बघत होता. त्याच्या मागे जाळ्यात वर्षातून एखाद्याच वेळी मिळते तेवढी मासळी उसळत होती. दोर इकडे आणायला त्याने ओरडून सांगितलं, "जाळा सोडा. दोर हाडा हयसर."

लोकांनी जाळ्याचा दोर कापला, त्याचं टोक कमरेला बांधून दोन पोहणारे पाण्यात उतरले आणि बाबलपर्यंत पोचले. मग सगळ्या वाडीने त्याच दोराने बाबलला आणि पडवळला ओढून काठाला आणलं. मागे जाळं मोकळं झालं. मासे चांदीसारखे चमकत समुद्रात परत गेले.

बाबल वाळूत गुडघ्यांवर बसून खोकत होता. आता तांडेल बोलेल, लोक बोलतील, म्हणून त्याने मान खाली घातली. पण तांडेलने फक्त कापलेला दोर गोळा केला आणि जाता जाता म्हणाला, "मासळी परत येतली."

पडवळ दूर जाऊन थंडीने कुडकुडत होता. द्वारकेने पदराने त्याचं अंग पुसलं. बाबलला वाटलं, एकदा तरी आपल्या हाकेला त्याने यावं, म्हणजे मनाला बरं वाटेल. जाळ्यातून उसळून वाळूत पडलेला एक मासा त्याने उचलला, हात पुढे केला आणि अगदी हळू म्हणाला, "पडवळ, ये."

पडवळने माशाकडे पाहिलं. बाबलच्या हाताकडे पाहिलं. आणि होता तिथेच तो पोट वाळूला टेकून बसला.

द्वारका म्हणाली, "बोलवू नका. तुमीच जावा तेच्याकडे."

बाबल उठला आणि गेला. मासा त्याच्या पुढ्यात ठेवला, ओल्या वाळूत त्याच्याशेजारी बसला आणि लोकांदेखत रडला. त्यानंतर त्याने कधी पडवळचा खेळ करून दाखवला नाही. 'ये' म्हणायचा तेव्हा मुठीत सुंगट असायचंच आणि हात वर उठायचा नाही. तरीही कितीतरी दिवस पडवळ नुसता बसून त्याच्याकडे बघत राहायचा, आणि दर वेळी बाबललाच उठून त्याच्यापर्यंत जावं लागायचं. 'रव' शिकवायला एक पावसाळाही लागला नव्हता. 'ये' पुन्हा खरं करता करता बाबलचे केस पांढरे झाले.

तात्पर्य: जो आपलं ऐकणाऱ्यालाच फसवायला आपला शब्द वापरतो, त्याचा शब्द जीव वाचवायच्या वेळीही खरा वाटत नाही; म्हणून दुसऱ्याला आज्ञा पाळायला शिकवणाऱ्याने आधी आपला शब्द पाळावा.